नाव न विचारणारा टॅबलेट

"मला बघायचंय; मला बघणारं काही नको," मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातल्या बाईला तो म्हणाला होता.

बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये त्याला सगळे डॉक्टर म्हणत. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला लावायचं, मूठ कानाला, डोळे मिटायचे आणि सांगायचं, चौथ्या सिलिंडरचं बेअरिंग. इंजिन उघडलं की तेच निघायचं. एकतीस वर्षं असं चाललं. गेल्या दोन वर्षांत मूठ कानावरून जबड्याच्या हाडावर सरकली. इंजिन हाडाला अजून कळत होतं. माणसांचं बोलणं हाडाला कळत नाही. फोरमनला कानांचं समजलं, तर इंजिनावरून उचलून गोदामात टायर राखायला बसवणार, हे नक्की होतं. म्हणून तो व्हिडिओ बघून ओठ वाचायला शिकत होता.

घरी मुलीचा टॅबलेट होता, मुलीच्याच खात्यावरचा. तिसऱ्या दिवशी त्यावर कानाच्या यंत्रांच्या जाहिराती सुरू झाल्या.

"आई, हे मला का दाखवतायत? मी काय बहिरी आहे?"

"तीनदा हाक मारली तुला. बरोबर ओळखलंय त्यानं," बायको म्हणाली.

दोघी हसल्या. त्यांना बघून तोही हसला, जरा उशिरा.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन तो थेट दुकानात आला.

"काका, स्वस्तातला नवा घेऊ नका," बाई म्हणाली. "उघडल्या उघडल्या तो तुमची कुंडली मागेल. हा जुना आहे, बॅटरी नवी घातलीय. कंपनीची सिस्टीम पुसून मी दुसरी टाकलीय, ती कुणाकडे चुगल्या करत नाही. पण सगळ्या टॅबलेटना ती चालत नाही हं. भलत्यावर टाकली, तर तो कायमचा मरतो, भाजी चिरायला पाट मिळतो."

"खातं?"

"नाही लागत. व्हिडिओचं ॲपही लॉगिन मागत नाही. पैसे भरून बघायचे सिनेमे मात्र यावर धूसर दिसतील."

"सिनेमे नकोत. म्हणजे कुणालाच कळणार नाही?"

"तुमच्या नेटवरून कुणीतरी काहीतरी बघतंय, एवढं कळेल. कोण, ते नाही."

ती समोरासमोर बोलत होती. एक शब्द सुटला नाही. त्यानं पैसे दिले. ती पाठ करून खणात चार्जर शोधू लागली.

"स्पीकर तेवढा मेलाय. सोमवारी या, बदलून देते," ती खणात बघतच म्हणाली.

मग वळून तिनं एक व्हिडिओ लावून टॅबलेट त्याच्या हातात दिला. पडद्यावर एक माणूस बोलत होता. टॅबलेट हातात धरून तो मान तिरकी करून उभा राहिला.

"आवाज खणखणीत आहे," तो म्हणाला.

दुकानात फक्त पंखा वाजत होता. बाईनं त्याच्याकडे पाहिलं. बिलावर नावाच्या जागेशी टेकलेलं पेन तिनं उचललं, टोपण लावलं. काउंटरच्या मागून निघून ती दाराशी, उजेडात येऊन उभी राहिली आणि एकेक शब्द सावकाश म्हणाली, "बोलणं खाली अक्षरांत उमटेल, असं करून देऊ?"

त्याला प्रत्येक शब्द कळला. त्यानं अंगठा टॅबलेटच्या पाठीवर टेकवला, इंजिनावर टेकवावा तसा. काहीच थरथरत नव्हतं. पडद्यावरचा माणूस बोलतच होता.

त्यानं मान डोलावली. तिनं अक्षरं सुरू करून दिली. टॅबलेट डब्याच्या पिशवीत घालून, कोऱ्या नावाचं बिल घडी न घालता खिशात ठेवून, तो तिच्या बाजूनं बाहेर पडला.