पिशवीची मागची बाजू

निघायच्या दिवशी सांगली स्टँडवर आईनं माझ्या बॅगेत थालीपीठांचा डबा कोंबला आणि म्हणाली, "तिथं पाकिटातलं काहीबाही खात बसू नकोस. सकाळी पोटात ताजं गेलं पाहिजे." गाडी सुटेपर्यंत तिचं तेच चाललं होतं. बाबा नुकतेच गेले होते. मी नोकरीसाठी बेंगळुरूला निघाले होते आणि मागं ती एकटी राहणार होती. त्यावर मात्र दोघीही बोललो नाही.

इलेक्ट्रॉनिक सिटीत फ्लॅट घेतला आणि डबा संपला तशी मी पाकिटावरच आले. त्यातलं सीरिअल दुधात ओतायचं, ओट्याशी उभ्यानं खायचं, लॅपटॉप उघडायचा. पुढं ऑफिसच्या चेकअपमध्ये शुगर काठावर निघाली आणि माझी पाचावर धारण बसली. बाबांना शुगरच नडली होती. तेव्हापासून पाकीट उलटं करून वाचायची खोड लागली. समोर चित्रात कणसं, पळणारी सडपातळ बाई. खरं काय ते मागं, मुंगीएवढ्या अक्षरात. जे सर्वांत जास्त ते पहिलं लिहायचं, असा नियम असतो. त्या नियमानं नाचणीच्या पाकिटात पहिला मैदा, मग साखर, आणि नाचणी बिचारी पार तळाला, मिठाच्या शेजारी. तुम्हीही माझ्यासारखे घर सोडून आला असाल, तर एकदा वाचून बघा.

फ्लॅटखालच्या किराणा दुकानातले अण्णा वैतागायचे. "मॅडम, स्वल्प जल्दी. ये लायब्ररी नहीं है." रविवारी माझ्याशी समोरासमोर बोलणारा तो एकच माणूस. म्हणून मी मुद्दाम सावकाश वाचायचे.

रोज सकाळी आईचा फोन यायचा. काय खाल्लंस? मी म्हणायचे, उपमा. आणि तू? "थालीपीठ केलं की." मी बिनदिक्कत थापा मारत होते, पण तीही मारत असेल असं कधी मनातसुद्धा आलं नाही. आई ती. तिच्या घरात बिस्किटं फक्त पाहुण्यांपुरती असायची.

गेल्या महिन्यात तिनं ट्रॅव्हल्सच्या गाडीनं भाजणी पाठवली. आई चांगली पिशवी कधी टाकत नाही, पुसून पुन्हा वापरते. भाजणीसुद्धा तशाच जुन्या पिशवीत होती, तोंड मेणबत्तीवर चिकटवलेलं. सवयीनं मी ती उलटी केली. मैदा, साखर, पामतेल. बिस्किटांचा फॅमिली पॅक. सांडू नये म्हणून आत दुसरी पिशवी होती, तीही तसलीच. तिच्या आत आणखी एक.

मी तिथूनच फोन लावला. "आई, आज खरं काय खाल्लंस?"

ती म्हणाली, "अगं, एकटीसाठी कोण तवा तापवत बसणार? चहा-बिस्किट झालं की." मला तिच्यावर रागवायचं होतं, पण कुठल्या तोंडानं रागवणार? मीही पाकिटातलंच खाते म्हणून सांगून टाकलं आणि रडू आलं.

"मग भाजणी कुणासाठी भाजली मी?"

"तुझ्यापुरती ठेवलीस का?"

"मला काय करायचीय? सगळी तुलाच पाठवली."

दुसऱ्या दिवशी निम्मी भाजणी त्याच पिशवीत भरली, मेणबत्तीवर तोंड चिकटवलं आणि सांगलीच्या गाडीत दिली.

आता सकाळी आम्ही काय खाल्लं ते विचारत नाही, दाखवतो. ती फोन तव्याकडं वळवते, मी माझ्या तव्याकडं. माझं थालीपीठ कडेला करपतं. ती म्हणते, "चालतंय, खाऊन घे." मग फोन बंद होतो, आणि ती तिकडं एकटी खाते, मी इकडं एकटी. घर कुठलं म्हणून कुणी विचारलं तर मी अजून सांगलीच सांगते. पण खरं म्हणजे घर आता दोन तव्यांचं झालंय, आणि एक तापला नाही तर दुसरा तापत नाही.