जमादाराची पाठ

आमचा जमादार शपथ घेतल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नसे. "या विहिरीचं पाणी पुन्हा प्यायलो तर नावाचा नाय," असं म्हणत तो हातातला तांब्या रिकामा करी आणि मग महिनाभर अर्धा कोस चालून दुसऱ्या विहिरीवर जाई. पलटणीतून निवृत्त होऊन अमरावतीला रुईच्या प्रेसवर पहाऱ्याला आलेला हा माणूस माझा सासरा. सासऱ्याचा उल्लेख एकेरी करू नये म्हणतात. मी करतो.

आम्ही बेने इस्राएल, कोकणातले शनिवार तेली. शनिवार हा आमचा देवाचा दिवस, त्या दिवशी आमचे घाणे बंद, म्हणून लोकांनी दिलेलं हे नाव. अमेरिकेत लढाई पेटली, तिकडचा कापूस अडला, वऱ्हाडच्या कापसाला नको तितका भाव आला, गाठी दाबायचे प्रेस उभे राहिले, तेव्हा मी, पेशाने सुतार, बायकोला घेऊन इकडे आलो. माझ्यामागून जमादार आला. आणखी दोघे आगगाडीच्या कामावर होते. अमरावतीत आमचे पुरुष एवढे चारच.

भांडण शनिवारवरूनच झालं. त्या दिवशी प्रेसचा दांडा मोडला. अकोटहून आलेल्या गाड्या फाटकाबाहेर खोळंबल्या होत्या. मालकाचं बोलावणं आलं आणि ही नको नको म्हणत असताना मी हत्यारांची पेटी घेऊन गेलो. जमादार शनिवारी कामावर नसे, पण कुणीतरी त्याला सांगितलंच. धुवट धोतरात तो फाटकाशी येऊन उभा राहिला आणि साऱ्या हमालांदेखत गरजला, "शनवारी हत्यार धरणाऱ्याच्या घरातल्या कुणाचं तोंड नाय बघणार! मग ती माझी पोर का असेना. देवाची आण!" मला बोलला त्याचं काही नाही. हिचा काय दोष होता? तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

शपथ पाळायची त्याची तऱ्हाही जगावेगळी. दर गुरुवारी दुपारी तो आमच्या ओट्यावर येई आणि दाराकडे पाठ करून बसे. ही दारात बसून त्या पाठीशी तासभर गप्पा मारी. मलिद्याची ताटली मागून सरकवली की तो हात मागे नेऊन चाचपत घास घेई आणि समोरच्या निंबाच्या झाडाला सांगितल्यासारखा म्हणे, "खोबरं कमी पडलं."

शेजारची म्हातारी एकदा थांबली. "काहून वो जमादार, पाठ करून बसले? पोरगी तं इकडं हाये!"

"तोंड बघणार नाय म्हटलंय, बाई. बोलणार नाय असं कुठं म्हटलंय?"

सगळी गल्ली हसली. हीसुद्धा हसली, आणि मग आत येऊन चुलीपुढे रडली. असल्या माणसाला कोण चांगलं म्हणेल?

नव्याचा सण म्हणजे आमचं नवं वर्ष; त्याआधी आमच्यात एक रीत आहे. रागाच्या भरात देवापुढे घेतलेली शपथ गळ्याशी आली, तर आपल्यातल्या तीन पुरुषांपुढे उभं राहायचं, मनापासून पस्तावलो म्हणायचं. ते तिघे न्यायाला बसल्यासारखे बसतात आणि तीनदा "तू मोकळा" म्हणतात, की शपथ सुटते. त्या वर्षी जमादार उरलेल्या दोघांना घेऊन आमच्या अंगणात आला. तिसरा माणूस मीच. दुसरा आणणार कुठून?

तो पाठ करून, पण ताठ उभा राहिला. "चुकलो. पोरीला मधे ओढायला नको होतं. मला सोडवा."

ते दोघे चटईवर बसले. मी उभाच होतो. "शनिवारबद्दल बोललात तेही मागे घ्या, मग बसतो."

"ते नाय घेणार. तेवढं खरंच बोललो होतो."

"मग देवाची आण, तुमच्यासाठी मी या चटईवर कधी बसणार नाही."

"बरं," म्हणाला आणि निघून गेला. दाराआड ही उभी होती.

तिसऱ्या दिवशी मी पस्तावलो. पण मला सोडवायलाही तीन पुरुष हवेत, आणि आता तिसरा तो. बोलावलं असतं तर शिव्या देत का होईना, त्याच पावली आला असता, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी गेलो नाही. दारफाळणीचा सण आला. त्या दिवशी आम्ही उपास धरून, दारं लावून देवाकडे क्षमा मागतो. गल्लीच्या या टोकाला माझं दार बंद, त्या टोकाला त्याचं.

पुढच्याच आठवड्यात गावात पटकी आली आणि तो एका दिवसात गेला. ही धावत गेली, समोर बसून त्याचं तोंड पाहत राहिली. त्याचे डोळे तोवर मिटले होते. आम्ही तिघांनी त्याला मूठमाती दिली.

लढाई संपली, भाव पडला, प्रेस बंद झाला. आम्ही मुंबईला आलो. इथे आमची वस्ती मोठी, तीन पुरुष सहज मिळतात. त्यांच्यापुढे उभा राहिलो, पस्तावलो म्हणालो. तीनदा मोकळा झालो. घरी येऊन हिला सांगितलं. ती मेथी निवडत होती.

"देवानं सोडलं असेल. बाबांना विचारायला कधी जाणार?" एवढं बोलून ती माझ्याकडे पाठ करून बसली.

म्हातारा मला तेव्हा आवडत नव्हता, आजही आवडत नाही. पण शनिवारी मी आता हत्यार धरत नाही. हे त्याला एकदा सांगायचं होतं, त्याच्या पाठीला का होईना.