दुपारचे दिवे

ताईचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, नगरपालिकेत दिवाबत्ती निरीक्षक आहेत. कचेरी पाचला सुटते, म्हणून हे महाशय रस्त्यावरचे दिवे भर दुपारी तपासतात. वायरमन त्यांच्यासाठी दिवे लावतो, भावोजी छत्रीखालून मान वर करतात आणि 'उत्तम' म्हणून जेवायला जातात. पाचला वायरमनही घर गाठतो, त्यामुळे संध्याकाळी दिवे लावायला कोणीच नसतं.

परवा अंधारात ताई दारासमोरच्याच खड्ड्यात पडली आणि तिचा पाय मोडला. प्लास्टर घालून तिला घरी आणलं, तर भावोजी तिच्यावरच डाफरले, "दिव्याला काय धाड भरलीय? दुपारीच मी स्वतः लागलेला पाहिला."

ताई म्हणाली, "चुकलंच माझं. पुढच्या वेळी दुपारी पडेन."

भावोजींना ते पटलं.