वर्धापनदिनाची पुरवणी

आमचे हे आयुष्यभर जिवंत माणसांचे मृत्युलेख लिहीत आले. शहरातल्या सगळ्यात मोठ्या पेपरात नोकरी, आणि काम हे असलं! कुणी नामांकित माणूस सत्तरी ओलांडून खोकायला लागला, की ह्यांनी त्याच्यावरचा लेख लिहून कपाटात तयार ठेवायचा. माणूस गेला की वर तारीख घालून लेख छपाईला. ऑफिसात ह्यांना 'चित्रगुप्त' म्हणायचे. लग्न ठरताना आमच्या वडिलांना मात्र कुणी हे सांगितलं नाही. 'पेपरात लिहितात' एवढंच सांगितलं.

आता ज्याच्यावर लिहायचं त्याच्याकडूनच माहिती काढायची, आणि त्याला ताकास तूर लागू द्यायची नाही. मग हे जाऊन म्हणायचे, "वर्धापनदिनाची पुरवणी काढतोय, जरा आठवणी सांगता का?" म्हातारी माणसं खूश व्हायची, चहा पाजायची, कपाटातले जुने फोटो काढून द्यायची. हे घरी येऊन हुश्श करून म्हणायचे, "झाला एकदाचा!" माझ्या तर मेलं अंगावर काटा यायचा.

ह्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. यंदा बारीक खोकला लागला, म्हणून लेकीने डॉक्टरकडे नेलं. छातीचा फोटो काढला, रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट अजून यायचे होते, आणि अशात पेपरातली एक पोरगी दारात येऊन उभी.

"काका, वर्धापनदिनाची पुरवणी काढतोय. जरा आठवणी सांगता का?"

ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही. पोरीला परवा यायला सांगून वाटेला लावली, आणि दार लागल्याबरोबर माझ्यावर घसरले.

"त्यांना कुणी कळवलं?"

"काय कळवलं?"

"रिपोर्ट आलेत. लेकीने दाबून ठेवलेत. आणि तूही सामील आहेस तिला."

"डोंबलाची सामील! ह्या घरात मला कधी कोण काय सांगतं?"

म्हटलं खरं, पण माझ्याही मनात पाल चुकचुकलीच. लेकीला फोन केला. "येतील गं आई, तिथे फार गर्दी असते," म्हणाली. आवाज जरा जास्तच गोड वाटला. शाळेत मार्क कमी पडले की अश्शीच गोड बोलायची.

त्या दोन दिवसांत ह्यांनी मला नको नको केलं. भात जरा मऊ झाला, तर म्हणे आजाऱ्याचं जेवण. ह्यांनीच चहात दोन चमचे साखर घातली आणि मी गप्प बसले, तर कप खाली ठेवून म्हणतात, "आज बोलली नाहीस साखरेवरून?" घरातला फोटोंचा अल्बम गादीखाली लपवला. "फोटो मिळाला की पेपरात पान लागलंच समज," म्हणाले. लेक स्वतः येऊन रिपोर्ट दाखवून गेली, सगळं स्वच्छ. तर म्हणाले, "एवढा स्वच्छ? दुसऱ्या कुणाचा उचलून आणलाय."

पोरगी परत आली तेव्हा हे हाताची घडी घालून बसले, साक्षीदार पिंजऱ्यात बसावा तसे. पण तिने ह्यांच्याबद्दल अवाक्षर विचारलं नाही. पेपराचंच विचारत होती. पहिला अंक कुठे निघाला?

हळूहळू हे खुलले. साबणाच्या दुकानामागची एक खोली, पेपर काढणारे दोघे मेहुणे, आणि लग्नपत्रिका छापणाऱ्याकडून घेतलेलं जुनं यंत्र. ते सुरू झालं की शेजारणीच्या फळीवरची भांडी खाली यायची आणि ती भांडायला यायची. पूर आला तेव्हा यंत्र पाण्यात गेलं, तर सगळ्यांनी मिळून हाताने अंक लिहिला आणि भिंतींवर चिकटवला. सरकारने टाळं ठोकलं, तेव्हा संपादक दारातच खुर्ची टाकून बसले. परीक्षेचा निकाल पेपरात यायचा त्या दिवशी तर रस्ताभर पोरं आणि त्यांचे बाप. हे बोलत होते, खोकलासुद्धा विसरले होते.

मग पोरीने विचारलं, "काका, पेपराचं काय करायचं राहून गेलं?"

हा ह्यांचाच प्रश्न. प्रत्येक म्हाताऱ्याला सगळ्यात शेवटी हाच विचारायचे. म्हणायचे, ह्याचं उत्तर मिळालं की लेख संपतो.

"पोरी, खरं सांग. कोण जातंय?"

तिचे डोळे भरून आले. "मालकांनी बाहेर बोलू नका म्हटलंय, काका. महिनाअखेरीला शेवटचा अंक. ही पुरवणी त्याचीच."

मी तर हातच जोडले! "म्हणजे तुम्ही ठणठणीत! अहो, पेपर बंद पडतोय होय? मेला जीव टांगणीला लागला होता माझा!" खोटं कशाला बोलू, मी मोठ्याने हसले.

हे हसले नाहीत. पोरीला म्हणाले, "सगळ्या गावाचे तयार ठेवले होते मी. ह्या पेपराचाच नाही ठेवला. कधी मनातच आलं नाही."

मग उठले, गादीखालून अल्बम काढला आणि जुन्या इमारतीचा फोटो तिला दिला. पुढच्या पानावर ह्यांचा स्वतःचा होता, टेबलाशी बसलेला. तो बराच वेळ पाहत राहिले.

"मग मी गेल्यावर," माझ्याकडे वळून विचारलं, "माझं छापणार कुठे?"

जन्मभर ज्या कामाला नावं ठेवली, त्याच्यासाठी मीच अल्बममधून तो फोटो ओढून काढला आणि पोरीच्या हातात कोंबला.

"ह्यांचंही ह्याच अंकात घाल, बाई. वर तारीख घालू नकोस, आणि पहिली प्रत ह्यांना आणून दे. वाचू दे त्यांना."