फोटो हललाय

दाराची बेल वाजवली आणि लगेच कोणी आलं नाही तर मी परत वाजवतो. चहाला उकळी फुटायच्या आत तीनदा झाकण काढून बघतो. असल्या उतावळ्या माणसाने कबड्डीचे फोटो काढायच्या फंदात पडू नये. पण पोरगी चढाईपटू निघाली आणि मी पडलो.

कॅमेरा उल्हासनगरातून घेतला, वापरलेला. दुकानदार वयस्कर सिंधी होता. त्याला मी सगळं सांगितलं : मुलगी जोरात पळते, मॅच संध्याकाळी असतात, मैदानावर उजेड कमी असतो. तो म्हणाला, "साईं, टेन्शन मत लो. ये आँख पकडता है. एक बार पकडी तो छोडेगा नहीं." त्याने कॅमेरा माझ्या हातात दिला आणि स्वतःवर रोखायला लावला. खरंच, पडद्यावर त्याच्या डोळ्याभोवती एक हिरवी चौकट येऊन बसली आणि हलेना. दुकानात डझनभर ट्यूबलाइट होत्या आणि गृहस्थ खुर्चीत निवांत बसलेले होते, हे मला बदलापूरला घरी येईपर्यंत सुचलं नाही.

मी अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर पार्टला मापाचा गेज लावायचा आणि पास की रिजेक्ट ते सांगायचं. केसभर फरक असला तरी रिजेक्ट. वीस वर्षं हेच केल्यामुळे मला अंदाजपंचे काही चालत नाही, आणि घरात माझ्या या गुणाचं फारसं कौतुकही नाही.

पहिल्याच स्पर्धेत कॅमेऱ्याने रंग दाखवला. गावोगावच्या स्पर्धांत मैदानाच्या मागे भलामोठा बॅनर असतो, त्यावर शुभेच्छुकांचे वीस-पंचवीस चेहरे, सगळे हात जोडून समोर बघणारे. माझ्या कॅमेऱ्याला पंचवीस जोड डोळे मिळाले, तेही अजिबात न हलणारे! पोरगी चढाईला गेली की हिरवी चौकट तिच्या खांद्यावरून निसटायची आणि जाऊन कुठल्यातरी भावी नगरसेवकाच्या डोळ्यावर बसायची. घरी येऊन फोटो टीव्हीवर लावले, तर शुभेच्छुकांच्या मिशीचा केस न् केस दिसत होता आणि त्यांच्यापुढून एक निळा धूर गेलेला होता. तो निळा धूर म्हणजे आमची मुलगी.

"अहो, हिचे फोटो काढायला गेला होतात की यांच्या प्रचाराला?" बायकोने विचारलं.

पुढच्या वेळी बॅनर टाळून बसलो, तर चौकट पंचांच्या पांढऱ्या शर्टावर गेली. त्याच्या पुढच्या वेळी उजेड इतका कमी होता की लेन्स नुसती घरघर करत पुढेमागे होत राहिली, आणि तिचं ठरेपर्यंत चढाई संपली. मी चिडायचो. मेनू उघडून सेटिंग बदलायचो, एक बदललं की दुसरं बिघडायचं. पोरींचे कोच मला बघितलं की हसायचे. "काय साहेब, आज तरी स्थिर येणार का?" बायको म्हणायची, नाचता येईना अंगण वाकडं. आणि मुलगी येताना स्कूटरवर मागे बसून दर वेळी एकच सांगायची, "दाखव ना, बाबा." चालत्या स्कूटरवर कॅमेरा मांडीवर घेऊन ती एकेक फोटो बघायची आणि माझ्या पाठीला टेकून हसायची. एकाही फोटोत ती धड दिसत नसे, तरी सगळे बघायची. ते हसणं मला फार आवडायचं, हे तेव्हा कधी बोललो नाही.

पुष्कळ डोकं खाजवल्यावर मला त्यातली मेख कळली. चेहरा समोरून दिसला तरच हा फोकस डोळा पकडतो. चढाई करणारी मुलगी कॅमेऱ्याकडे कशाला बघेल? तिची नजर समोरच्या पोरींच्या पायांवर. म्हणजे ती माझ्याकडे बघेपर्यंत फोटो यायचा नाही, आणि खेळताना ती माझ्याकडे बघणार नाही. एकदा तिला सांगूनही पाहिलं, की अधूनमधून माझ्याकडे एक कटाक्ष टाकत जा. ती म्हणाली, "बाबा, तेवढ्यात माझा पाय जाईल."

वांगणीच्या पुढच्या एका गावात ती मॅच झाली. अंतिम सामना. जिंकणाऱ्या संघाच्या मुलींना थेट जिल्हा संघाच्या निवड चाचणीला बोलावणार होते, त्यामुळे दोन्हीकडचे आईबाप नखं खात होते. दिवस मावळलेला, चारी कोपऱ्यांत हॅलोजन. मी मोठ्या हुशारीने समोरच्या संघाच्या मागे, कोपऱ्यात बसलो. तिथून मागे ना बॅनर, ना शर्ट, फक्त अंधार. शिवाय चढाईला येणारी मुलगी माझ्याकडे तोंड करून येणार.

शेवटची चढाई, गुण सारखे, आणि चढाईला माझी मुलगी. ती माझ्या कोपऱ्याकडे आली. तिथे त्यांची कप्तान उभी होती, काटक, कोपराला पट्टी बांधलेली. मुलीने हात लांबवून तिच्या खांद्याला शिवलं, अंग चोरत मागे उडी घेतली, बाजूच्या अगदी बाहेरच्या रेषेला लागून भोवऱ्यासारखी फिरली आणि मध्यरेषेकडे पळाली. मी बटण दाबून धरलं होतं. शिट्टी वाजली. आमच्या पोरी नाचायला लागल्या.

पण ती कप्तान नाचू देईना. "पाय भाईर गेला तिचा! मी बगितला!" त्या बाजूचा पंच म्हणाला, मध्ये पोरी आल्या, मला दिसलं नाही. धुळीत आता शंभर पावलं उमटली होती. मुलीला विचारलं, तर ती नुसती धापा टाकत उभी राहिली. मग मुख्य पंचांची नजर माझ्यावर पडली. "काका, तुम्ही इथेच होतात ना? बघा बरं फोटोत काही दिसतंय का."

मी पडदा डोळ्यांजवळ नेला. एका दाबात बारा फोटो आले होते. पहिले तीन कामातून गेलेले. चौथा तर निव्वळ निळा फराटा. पाचवा बघितला आणि माझा हात थांबला.

पाचवा फोटो स्वच्छ होता. गालाला चिकटलेली बट दिसत होती, वरच्या ओठावरचा घाम दिसत होता. अख्ख्या मोसमात जे जमलं नाही ते जमलं होतं, कारण ती सरळ माझ्याकडे बघत होती. आणि खाली फक्कीने आखलेली पांढरी रेषा होती, रेषेच्या पलीकडे तांबडी माती, आणि त्या मातीत तिची टाच टेकलेली. चांगली चार बोटं बाहेर. गेज लावायची गरजच नव्हती.

मी एक फोटो मागे गेलो. चौथ्यावर. आणि तो पंचांपुढे धरला.

"फोटो हललाय," मी म्हणालो.

आमचे कोच मोठ्याने हसले. "अहो, यांचे कायमच हललेले असतात!" आमच्याकडचे चार पालक हसले, त्यामुळे पंचही हसले. माझी सगळ्या मोसमाची फजिती त्या दिवशी माझ्या बाजूने साक्षीला उभी राहिली. कप्तान माझ्याजवळ आली, पडद्यात डोकावली. मला वाटलं, आता ही म्हणणार, पुढचा दाखवा. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, काका. लाइटच कमी हाय हितं. तुमी तरी काय करनार?"

माझी समजूत घालून ती पोरगी गेली.

जिंकून येताना मुलीने फोटो मागितले नाहीत. बदलापूर येईपर्यंत ती स्कूटरवर मागे ताठ बसून होती. मी दोनदा म्हणालो, "दमलीस?" ती दोनदा "हं" म्हणाली.

त्यानंतरचे पंधरा दिवस मी नीट बसलो नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. कंपनीत पास झालेला माल परत मोजायला लागलो. एकदा चांगले पार्ट रिजेक्टच्या पेटीत टाकले, सुपरवायझरने ते परत आणून दिले. घरी कॅमेरा कपाटात ठेवायचा, परत काढायचा, पाचवा फोटो बघायचा. पुसून टाकावा असं रोज वाटे. रोज बटणापर्यंत बोट जाई. पण मला तो पुसवेना, कारण तिचा तेवढा एकच फोटो चांगला आला होता. याची मला लाज वाटते, पण खरं कारण तेच.

चाचणीच्या दिवशी मुलगी म्हणाली, गुडघा दुखतोय, मी जात नाही. आईने हळद लावली, डॉक्टरकडे चल म्हणाली. गुडघ्याला काही झालेलं नव्हतं. आदल्याच दिवशी हेंद्रेपाड्यातल्या आमच्या इमारतीचे जिने ती दोन-दोन पायऱ्या गाळत चढली होती. मी तिच्या मागेच होतो. तरी मीही म्हणालो, "जाऊ दे, गुडघ्याचं काही सांगता येत नाही."

संध्याकाळी ती माझ्यासमोर येऊन बसली. आई भाजी आणायला गेली होती.

"तो फोटो आहे ना?"

"कुठला?"

"बाबा, मी तुझ्याकडे बघितलं होतं. तो."

मी कॅमेरा आणून दिला. तिने फोटो मोठा केला. पायाकडे गेलीच नाही, स्वतःच्या चेहऱ्याकडेच बघत राहिली.

"टाच मातीत टेकली तेव्हाच मला कळलं," ती म्हणाली. "तुझ्याकडे बघितलं, तर तुझा कॅमेरा माझ्यावरच होता. म्हटलं, बाबाने बघितलंय, बाबा सांगेल. तू तर घरात डब्याचं झाकण वाकडं लागलेलं चालवून घेत नाहीस. म्हणून मी गप्प राहिले."

"आणि नंतर?"

"नंतर तू म्हणालास, हललाय. मग मी कसं बोलणार? सगळ्यांसमोर तू खोटा पडला असतास."

रागावायला कोणी नव्हतं, कॅमेराही नव्हता. तिला जिंकून द्यायला गेलो आणि मला सांभाळायचं ओझं तिच्या गळ्यात बांधून आलो. पंधरा दिवस ते ती एकटी वाहत होती. मी उठलो, स्कूटरची चावी घेतली. तीही न विचारता चप्पल घालून निघाली.

कप्तानचं घर कोचना फोन करून विचारलं. कशाला हवंय, ते सांगताना माझी जीभ अडखळली, पण त्यांनाही सांगितलं. ते यावेळी हसले नाहीत.

वांगणीला तिच्या घरी पोचलो तेव्हा ती मुलगी अंगणातल्या दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. मला बघून तिला नवल वाटलं. "काका? तुमी हितं कसं?" मी काही न बोलता कॅमेरा तिच्या हातात दिला. बोलायला गेलो असतो तर उजेडाचं, फोकसचं काहीतरी सांगत बसलो असतो, मला माझा स्वभाव माहीत आहे.

तिने हातातले कपडे खांद्यावर टाकले. फोटो मोठा केला, रेषेपर्यंत खाली आणला, टाचेवर थांबली. मग माझ्या मुलीकडे बघितलं. मुलगी म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं. सॉरी." चाचणी होऊन गेली होती, ते आम्हा तिघांनाही माहीत होतं.

तिने कॅमेरा माझ्या हातात परत ठेवला.

"चांगला आलाय की फोटू, काका," ती म्हणाली, आणि दोरीवरचे उरलेले कपडे काढायला लागली.