शेवटचा येईपर्यंत

जगन्नाथ राऊतच्या मोटारसायकलवर मागे बसायला त्याची बायको सुमन आता साफ नकार देते. वेगाची भीती मुळीच नाही, गाडी तो बैलगाडीच्या चालीने चालवतो. तिचा वैताग वेगळा आहे. वटारहून नाळ्यापर्यंत जायचं असलं तरी हा माणूस वाटेतल्या प्रत्येक वाहनाला शिकवत जातो. "हात दाखव ना, हात! आरसा कशाला दिलाय, भांग पाडायला?" हेल्मेटच्या आतून बोललेलं पुढच्या रिक्षावाल्याला ऐकू जात नाही. मागे बसलेल्या सुमनला मात्र अक्षर न् अक्षर ऐकावं लागतं.

वटारला त्याची केळीची आणि पानवेलीची वाडी आहे, ती धाकटा भाऊ बघतो. जगन्नाथ वालीवला बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर आहे, आणि निवृत्ती आता अगदी तोंडावर आलीय. एक मशीन अडलं की मागचा सगळा माल तुंबतो, हे बघत त्याचं आयुष्य गेलं. त्यामुळे मागे काय चाललंय याची ज्याला फिकीर नाही, त्या माणसाचा त्याला संताप येतो. आणि असा माणूस त्याला रोज भेटतो.

'दर्या रायडर्स' हे मंडळ त्यानेच काढलं. तेव्हा असं काही नाव नव्हतं. वटार-भुईगावातले चार दोस्त रविवारी सकाळी गाड्या काढायचे आणि जिथे चांगली मिसळ मिळेल तिथपर्यंत जायचे. त्यातला चंद्रहास जगन्नाथचा बालमित्र. एकदा मोखाड्याच्या रस्त्यावर हा चंद्रहास सगळ्यात मागे होता. पुढचे तिघे टपरीवर पोचले, चहा झाला, दुसरा चहा झाला. "लघवीला थांबला असेल," असं म्हणून हसणंही झालं. चंद्रहास तेव्हा मोरीखालच्या खड्ड्यात पडला होता, पायावर गाडी, आणि वरून जाणाऱ्या प्रत्येक वाहनाला हाका मारत होता. पाय वाचला, पण गुडघा काही पुन्हा वाकला नाही. त्याने गाडी विकून टाकली.

त्यानंतर जगन्नाथने नियम केले. सगळ्यांनी सगळ्यात हळू चालवणाऱ्याच्या वेगाने जायचं. आपल्या मागचा आरशात दिसला पाहिजे, नाही दिसला तर आपण थांबायचं. सगळ्यात शेवटी एक अनुभवी माणूस, नारिंगी जाकीट घातलेला, त्याच्या मागे कोणी राहायचं नाही. आणि रस्ता फुटला की सगळ्यात पुढच्या गाडीच्या लगेच मागे असेल त्याने त्या फाट्यावर उतरून उभं राहायचं, मागच्यांना हाताने रस्ता दाखवायचा. नारिंगी जाकीट येईपर्यंत तिथून हलायचं नाही. जाकीट आलं की त्याच्या पुढे गाडी घालून निघायचं. म्हणजे शेवटचा पोचला की सगळे पोचले. मोजायला नको, हाका मारायला नकोत.

इतकं सोपं. पण माणसाला सोपं तेच जड जातं, असं जगन्नाथला मंडळात नवी पोरं आल्यापासून वाटायला लागलं होतं.

पोरं वाईट नव्हती. वाईट असती तर भांडता तरी आलं असतं. चंदनसारचा सुजय एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाला, बोलायला इतका गोड की त्याच्यावर ओरडायला तोंड उघडावं आणि त्याने आपल्यालाच पाण्याची बाटली पुढे करावी. हल्ली पुढे तोच असायचा. "काका, तुमचे रूल्स एकदम सॉलिड आहेत," असं म्हणायचा आणि शिरसाड फाटा ओलांडला की असा सुटायचा की मागच्यांना फक्त धूर दिसायचा. कोणी सिग्नल तोडायचं, कोणी दोघांच्या मधून गाडी घालायचं, कोणी चालत्या गाडीवर व्हिडिओ काढायचं. जगन्नाथ दर चहाला उठून बोलायचा. पोरं माना डोलवायची. एकाने तर त्याच्या बोलण्याला 'काकांचं कीर्तन' असं नाव ठेवलं होतं, आणि ते जगन्नाथला माहीत होतं.

शेवटी ग्रुपवर सुजयचा मेसेज आला. पुढच्या रविवारी जव्हारकडच्या शेतघरात जेवायला जाऊ, आणि जेवताना एक गोष्ट ठरवू: फाट्यावर उभं राहणं, सगळ्यांनी एका चालीने जाणं, हे आता हवंय का? प्रत्येकाच्या फोनवर लाइव्ह लोकेशन असतं. ज्याने त्याने आपापल्या स्पीडने यावं, जेवायला भेटावं.

जगन्नाथचं डोकं फिरलं. आठवडाभर तो वाडीत पाणी सोडताना एकटाच बोलत होता. सुमनने विचारलं, "अहो, कोणाशी भांडताय?"

"भांडत नाय. रविवारी काय बोलायचं ते बघतोय. खड्ड्यात पडलेला माणूस लोकेशन काय कपाळावर चिकटवून पडतो?"

"हे एवढंच बोला. पुढचं वाढवू नका, नायतर कोण ऐकणार नाय."

तिचं म्हणणं त्याला पटलं. त्याने भाषण कापून कापून चार वाक्यांवर आणलं. मंडळ आपल्या हातून गेलं तरी चालेल, पण हा नियम जाता कामा नये, एवढंच त्याला हवं होतं.

रविवारी निघताना सुजय म्हणाला, "काका, तुम्ही माझ्या मागेच राहा. रिस्पेक्ट!" जगन्नाथला कळलं की आपण मागून आरडाओरडा करू नये म्हणून हा मान आहे. नारिंगी जाकीट त्या दिवशी सुजयने केयूरला देऊन टाकलं होतं. केयूर विरारचा, नवीन, उत्साही, शेवटी राहायची त्याची पहिलीच वेळ. त्याच्या पुढे लिडिया. ती बँकेत होती, गाडी नुकती शिकली होती आणि वळणावर फार हळू व्हायची. जगन्नाथने केयूरला बाजूला घेऊन तीनदा सांगितलं, "लिडियाला घाई करायची नाय. तिच्या मागं राहायचं, बस."

"डोन्ट वरी काका, मैं हूँ ना," केयूर म्हणाला.

मनोरपर्यंत सुजय बरा चालला. विक्रमगड मागे पडलं, थंडीतली मोकळी सडक लागली आणि त्याने एक्सिलरेटर पिळला. जगन्नाथ हॉर्न देऊन दमला. मग एक फाटा आला. डावीकडे अरुंद रस्ता शेतघराकडे वर चढत होता. सुजयने हात दाखवला आणि वळला. जगन्नाथ थांबला, गाडी कडेला लावली, हेल्मेट काढलं आणि हात डावीकडे करून उभा राहिला.

एकेक गाडी आली, वळली आणि वर गेली. मग रस्ता रिकामा झाला. राहिली लिडिया आणि राहिला केयूर.

तो थांबला. बाई हळू चालवते, तिला वेळ लागणारच. सागाच्या झाडाखालची सावली सरकली तशी त्याने गाडीही सरकवली. फोन काढला तर रेंजचा पत्ता नव्हता. लाइव्ह लोकेशनवाल्यांना हा फोन दाखवायला पाहिजे, असं त्याने मनात टिपून ठेवलं. चार वाक्यांत हे पाचवं घालता येईल.

ऊन डोक्यावर आलं. आता त्याला राग येत नव्हता, भीती वाटत होती. लिडिया वळणावर घसरली असेल. केयूर तिला उचलत असेल, किंवा तोही पडला असेल. मागे जाऊन बघावं, तर तेवढ्यात ते दोघं येऊन सरळ निघून जातील. वर जाऊन माणसं आणावीत, तरी तेच. आपणच केलेल्या नियमाने आपल्याला खिळे ठोकून उभं केलंय, हे त्याला दिसत होतं, आणि तरी पाय उचलत नव्हता. विक्रमगडकडून माणसं भरलेला टेम्पो आला, त्याला त्याने हात केला.

"मागं कोन पडलेला दिसला काय? नारिंगी जाकीट?"

"नाय दादा, रस्ता मोकला हाय," ड्रायव्हर म्हणाला.

मोकळा म्हणजे काय? चंद्रहास पडला होता तेव्हाही रस्ता मोकळाच दिसत होता. जगन्नाथ पुन्हा झाडाखाली गेला. पोटात कावळे कोकलत होते. वर जेवणं थांबली असतील, सगळे आपल्यावर चिडले असतील, असं वाटून त्याला वाईटही वाटलं. तरी त्यातल्या त्यात एक बरं होतं. शेवटचा आल्याशिवाय ताटं मांडत नाहीत, त्यामुळे तो विषयही आपण पोचेपर्यंत कोणी काढणार नाही.

तेवढ्यात गाड्यांचा आवाज आला, पण वरून, शेतघराकडून. शोधायला आले! त्याला इतकं हायसं वाटलं की तो रस्त्याच्या मधोमध गेला आणि दोन्ही हात हलवायला लागला.

पुढे सुजय होता. त्याने हेल्मेटची काच वर केली, अंगठा दाखवला आणि ओरडला, "वा काका! आमच्या आधीच कॉर्नरला? मान गये!" आणि थांबला नाही, मनोरच्या दिशेने वळून गेला. त्याच्या मागे दुसरा, तिसरा, सगळे. प्रत्येकाने अंगठा दाखवला, कोणी हॉर्न वाजवला. मग लिडिया आली, धडधाकट, तिने मान लववून नमस्कार केला. आणि सगळ्यात शेवटी नारिंगी जाकीट.

केयूर जिवंत होता. जगन्नाथला आधी तेवढंच कळलं. मग केयूरच्या तोंडातली दात कोरायची काडी दिसली.

त्याने गाडीपुढे उभं राहून त्याला थांबवलं. "तू वर कुठनं गेलास?"

"विक्रमगडहून, काका. मॅपने शॉर्टकट दाखवला, सीधा शेतघराच्या मागच्या गेटला. लिडियाला पण ते सोपं पडलं. का?"

"आणि फाट्यावर मी उभा होतो, त्याचं काय?"

केयूरला समजायला वेळ लागला. समजलं तसा त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे तुम्ही तेव्हापासून... काका, तुम्ही जेवायला नव्हता?"

"कोणी विचारलं नाय?"

"अर्धे ओट्यावर होते, अर्धे आंब्याखाली. आम्हाला वाटलं तुम्ही तिकडे असाल. मी पोचलो तेव्हा सुजय बोलला, जाकीट आलं, म्हणजे सगळे आले. वाढा."

ते वाक्य सुजयचं नव्हतंच, जगन्नाथचं स्वतःचं होतं. गेली कितीतरी वर्षं तो ते प्रत्येक नव्या पोराच्या कानीकपाळी ओरडत आला होता.

"आणि ते ठरवायचं होतं त्याचं?" त्याने विचारलं.

केयूर गाडीच्या टाकीकडे बघायला लागला. "झालं ते. फ्री राइड. ज्याने त्याने आपापलं यायचं."

"लिडिया? ती काय म्हणाली?"

"तीच पहिली बोलली, काका. माझ्यासाठी सगळ्यांना हळू जावं लागतं, मला लाज वाटते, बोलली. मग सगळ्यांनी हात वर केले. सुजयने विचारलं, कोणाचा विरोध आहे का? कोणीच काय बोललं नाही. आम्हाला वाटलं तुम्हाला पण पटलं. सुजय तर बोलला, काकांना मानलं पाहिजे, एकमताने झालं."

जगन्नाथला एकदम हसू आलं, आणि ते कडवट होतं. तिथे बसून जेवला असता तर तो चार वाक्यं बोलला असता, कदाचित हरलाही असता. पण हरला तरी 'नाही' म्हणणारा एक माणूस होता, एवढं तरी राहिलं असतं. ते बोलायला तो नव्हता, कारण तो इथे तो नियम पाळत उभा होता. राग कोणावर काढावा हेच त्याला कळेना. समोर हे एवढंसं पोरगं, तेही मनापासून शरमलेलं.

"सॉरी काका. खरंच सॉरी," केयूर म्हणाला. "चला ना, तुम्ही पुढे व्हा. मी तुमच्या मागे राहतो. मी शेवट आहे ना."

"आता कुठला शेवट?" जगन्नाथ म्हणाला. "काढून टाकलात ना तुम्ही सगळ्यांनी मिळून? मग जा. ज्याने त्याने आपापलं जायचं."

"तसं नका बोलू काका."

"जा म्हटलं ना! गाडी घे आणि जा. मी येतो माझा माझा."

केयूर थोडा घुटमळला. पुढे रस्त्यावर एकही गाडी दिसत नव्हती, सगळे केव्हाच लांब गेले होते. त्याने एकदा तिकडे पाहिलं, एकदा जगन्नाथकडे. "नक्की ना?" त्याने विचारलं. जगन्नाथने मान फिरवली. केयूरने काच खाली केली, गियर टाकला, आणि गेला.

जगन्नाथ 'जा' म्हणाला होता खरा, पण तो जाईल असं त्याला वाटलं नव्हतं.