पांढरीवरचा झाकलेला रांजण

एवढ्या वर्षांच्या कामात मी एकदाच घाबरले. तो दिवस अजून जसाच्या तसा डोळ्यांपुढे आहे.

मी तेव्हा जामखेडकडच्या आमच्या गावाची पोलीस पाटील होते. शिक्षण चौथी, नवरा वारल्यावर हे काम माझ्याकडे आलं. गावाच्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, तालुक्याचं इतिहास मंडळ सरकारी परवानगीने खोदत होतं. सात-आठशे वर्षांपूर्वीची घरं निघत होती. मीही माती चाळायला जायचे. माझ्या शेजारी गावातल्याच एका घरातली सून बसायची.

एकदा रांजणाचं तोंड दिसलं. ऊन लागून तडकू नये म्हणून मंडळाने ते ओल्या गोणपाटाने झाकलं. गावाने एवढंच पाहिलं : सापडलं आणि झाकलं. म्हणजे धनच.

तिसऱ्या दिवशी सून हसत आली.

"काकू, मामंजींनी नवं लुगडं आणलंय. कामाला हात लावू देईनात. नुसतं दूध पाजत्यात."

"कशापायी गं?"

"उद्या अवस. गोठ्यात पूजा हाय. मी पायाळू न्हाई का, मलाच बसायचंय."

माझी चाळणी थांबली. पायाळू म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेली. अशा माणसाचा बळी दिला की गुप्तधन हाती लागतं, असं मानणारे आमच्याकडे आहेत. तिला माझ्या घरात बसवलं, आतून कडी लावायला सांगितली आणि ठाण्यात खबर दिली.

फौजदारांनी सासऱ्याला आणलं. तासभर त्याचं एकच, "सायेब, पूजा करनं गुन्हा हाय का?" फौजदार ओरडले, उपयोग नाही.

मग मी साधंच म्हटलं, "आबा, परवा सुनंला चाळायला धाडा. मानसं कमी हायेत."

"परवा ती कुठनं यील?" तो बोलून गेला, आणि त्याचा चेहरा उतरला.

पंचांसमोर गोठ्याची झडती घेतली. वैरणीखाली कमरेएवढा खड्डा आणि नुकताच पाजळलेला कोयता. ही पूजा सुचवणाऱ्या भगताचं नावही सासऱ्यानेच सांगितलं. दोघांवर गुन्हा नोंदला. रांजणात जळकी ज्वारी निघाली.

मार खाणाऱ्या बायका माझ्याकडे आपणहून यायच्या. ही आली नव्हती, कारण लाडाची तक्रार कोणी करत नाही. तेव्हापासून घरात एखाद्या बाईला मिळणारी वागणूक एकाएकी सुधारली, की मी आधी तिच्या घरी जाऊन बसते.